भाऊजींना लोकांच्या मनातून उतरवण्याची खटपट

तीर्थरूप वन्संच्या पायांशी,

धाकट्या भावजयीचा नमस्कार पोचावा. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो पण उतरता येत नाही असं तुम्ही लिहिलं होतं, ते वाचून हे म्हणाले, "मग अक्का वरच अडकली असेल, पत्र टाकायला खाली कोण आलं?" (तुमच्या भावाची थट्टेची खोड काही जात नाही. पाणीपट्टीच्या कचेरीत दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि घरी आलं की ती आमच्यावर काढायची, असा त्यांचा जमाखर्च आहे.) मी मात्र तुमच्या गुडघ्यासाठी रोज एक माळ जास्त जपते. तेल लावताना खालून वर चोळा, वरून खाली नको, आणि वाटीत उरलेलं तेल परत बाटलीत घाला, फेकू नका. इकडे आम्ही सगळे देवाच्या दयेने बरे आहोत. हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून मी इतकी वर्षं लिहीत आले, या वेळी मात्र एकेक शब्द तोलून लिहिलाय.

आधी तुमचे आभार मानते, मग बाकीचं. आपल्या धाकट्याला लोकांच्या मनातून उतरवायचं कसं, यावर तुम्ही तीन उपाय कळवले होते: त्याला हरू द्या, त्याला गर्विष्ठ करा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर त्याला चिक्कू करा. तिन्ही उपाय मी मन लावून केले. तिन्ही साफ फसले. पण ते फसले म्हणूनच पुढचं सगळं घडलं, तेव्हा माझे आभार वरवरचे समजू नका. तुमच्यासारखी वडीलधारी सल्ला द्यायला आहे हे आमचं भाग्यच. (तुमचा सल्ला एकदा तरी लागू पडला असता तर भाग्याला पारावार राहिला नसता, असं हे म्हणाले. मी त्यांना रागावले.)

तुम्हाला यातलं बरंचसं ह्यांच्या पत्रांतून कळलं असेल, पण ह्यांची पत्रं म्हणजे चार ओळी आणि खाली सही, त्यामुळे मी पहिल्यापासून सांगते. खुर्चीवाल्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही. भाऊजींचे सामने भरवतात ते हे गृहस्थ. मूळचे खुर्च्या भाड्याने देणारे. सभा असो, लग्न असो, शोकसभा असो, यांचा ट्रक दारात हजर. पुढे त्यांच्या डोक्यात आलं की लोक कधी जमतील आणि आपल्या खुर्च्या कधी मागतील याची वाट कशाला बघायची, आपणच लोक जमवावेत, म्हणून ते मुष्टियुद्धाचे सामने भरवू लागले. पण जात्याच खुर्चीवाले, त्यामुळे तिकीट किती खपलं यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तिकीट म्हणजे कागद, माणूस बसला तर खुर्ची भरली, असं त्यांचं म्हणणं. सामन्याआधी ते स्वतः रांगारांगांतून फिरतात आणि एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत जातात, डॉक्टर वॉर्डात फिरतात तसे. मामंजींनी भाऊजींसाठी त्यांच्याशी करार केला तोही याच भाषेत: जोवर हॉल भरतोय तोवर मुलगा यांच्याकडेच लढेल, आणि ज्या दिवशी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहतील त्या दिवशी दोघे एकमेकांपासून मोकळे. मामंजींना वाटलं होतं दोन वर्षांत रिकाम्या होतील. आपल्या मुलाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं हे तुम्हाला माहीतच आहे.

त्या खुर्च्या काही रिकाम्या झाल्या नाहीत. भाऊजी जिंकले तरी हॉल भरायचा, हरले तरी भरायचा. त्यांचं तोंड छापलेले शर्ट खपायचे, पेले खपायचे, साबणाच्या वडीवरसुद्धा भाऊजी ठोसा उगारून उभे. (तो साबण मी आणला नाही. आपल्या दिराला अंगाला चोळून झिजवायचं म्हणजे कसंसंच वाटतं, शिवाय तो दोन दिवसांत विरघळतो.) सगळं छान चाललं होतं, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याच्या आतला पडदा उसवत चालला आहे. आणखी चार वर्मी ठोसे बसले तर तो डोळा गेला असं समजा.

आता तुम्ही म्हणाल, मग खुर्चीवाल्यांना सरळ सांगायचं. मीही तेच म्हटलं. पण भाऊजींचं डोकं तुमच्यासारखंच, एकदा बसलं की हलत नाही. "वहिनी, बाबांनी शब्द दिलाय. त्यांची पोस्टरं लागली, हॉल घेऊन झाला, आता मी डोळा पुढे करून सुटू? बाबांच्या आजारात चाकांची खुर्ची कोणी आणून दिली?" खुर्चीवाल्यांनी ती खुर्ची वर्षभर आमच्याकडे ठेवली आणि भाडं घेतलं नाही, हे खरंच आहे. खुर्चीवाल्याने खुर्चीचं भाडं सोडणं म्हणजे आपण श्वास घेणं सोडण्यासारखं. भाऊजींनी माझ्याकडून शपथ घेतली की खुर्चीवाल्यांना एक अक्षर सांगणार नाही. म्हणजे मार्ग एकच उरला, लोकांनी आपण होऊन यायचं थांबायला हवं. तेव्हाच मी तुम्हाला पत्र टाकलं. आणि भाऊजी सुटावेत म्हणून चहातली साखर सोडली. (साखर तशीही महागली होती, पण देवाला ते मी सांगितलं नाही, आणि तो विचारणार नाही अशी आशा आहे.)

तुमचा पहिला उपाय, हरू द्या. भाऊजी मुद्दाम हरायला तयार होईनात, देवाच्या आणि लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची नाही म्हणाले. ते मलाही पटलं. मग मी खुर्चीवाल्यांना सुचवलं की समोर एखादा भाऊजींहून सरस माणूस उभा करा, लोकांना बदल होईल. आधी त्यांनी जो दाखवला तो असा रेड्यासारखा होता की मला घाम फुटला. डोळा वाचवायला निघालेली मी, आणि डोळ्यापुढे रेडा उभा करत होते. शेवटी एक चपळ, हलक्या हाताचा पोरगा मिळाला. ठोसा मारायचा म्हणजे कोणी दाराची कडी वाजवावी तसा, पण इतका भराभर की भाऊजींना दार उघडायला वेळच मिळेना. भाऊजी प्रामाणिकपणे लढले आणि प्रामाणिकपणे हरले. मी पहिल्या रांगेत डोळे मिटून माळ ओढत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता लोक कंटाळतील.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं, कारण तुम्ही एकही सामना पाहिलेला नाही. भाऊजींना एक सवय आहे. समोरच्याचा ठोसा छान बसला की ते मान डोलावून "वा!" म्हणतात. अगदी मोठ्याने, गाण्याच्या बैठकीत समेवर म्हणावं तसं. मुद्दाम नाही, लहानपणापासूनच तसं आहे, तुम्ही चापट मारलीत की तेव्हाही म्हणायचे असं हे सांगतात. पोस्टरवर त्यांचं नाव 'पोलादी मूठ' आहे, पण हॉलमध्ये त्यांना सगळे 'वाहवा' म्हणतात. तर त्या दिवशी त्या पोराचे इतके ठोसे बसले की भाऊजींच्या तोंडून वाहवाची नुसती झड लागली होती. निकाल लागल्यावर पंचांच्या आधी भाऊजींनीच त्याचा हात वर केला. लोकांनी हरलेल्याला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत वाजतगाजत आणलं. जिंकलेला बिचारा भाऊजींची पिशवी धरून मागून चालत आला आणि आमच्या दारात सही मागायला रांगेत उभा राहिला. त्याला मी चहा दिला. बिनसाखरेचा, घरात तोच होता.

त्या दिवशी चहा घेताना भाऊजींचा हात कपाच्या कानाशेजारून गेला. दुसऱ्यांदा कान सापडला. मी दुसरा उपाय हाती घेतला.

गर्विष्ठ करा म्हणणं सोपं आहे, वन्सं, पण धाकट्याला तुम्हीच वाढवलंय. वर्तमानपत्राचा माणूस घरी मुलाखत घ्यायला येणार होता, म्हणून मी चार उद्दाम वाक्यं तयार केली. (मी मॅट्रिक झालेली, निबंधात बरे गुण होते, पण घमेंडीवर निबंध कधी लिहायला लागला नव्हता.) 'माझ्यासमोर कोण टिकणार?' 'लोक आले तर आले, मला काय त्यांचं?' अशी. तीन दिवस पाठ करून घेतली. मुलाखतीच्या दिवशी मी पडद्यामागे उभी. पहिलं वाक्य भाऊजी नीट म्हणाले. दुसरं म्हणताना 'मला काय त्यांचं' याच्यापुढे आपण होऊन 'बसायला जागा मिळते ना पण सगळ्यांना?' असं जोडलं. तिसऱ्याला गाडी अडली आणि त्यांनी पडद्याकडे बघितलं. मी हळूच सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. "काय वहिनी?" मी जरा मोठ्याने सांगितलं. तो मुलाखतवाला म्हणाला, "वहिनी, बाहेर येऊनच सांगा ना, मलाही लिहून घेता येईल." दुसऱ्या दिवशी ते सगळं छापून आलं, पडद्यासकट. पुढच्या सामन्याला हॉलमध्ये पाऊल टाकायला जागा नाही, आणि भाऊजी जरा मागे सरले की पाठच्या रांगांतून आरोळी, "वहिनी, पुढचं सांगा!" मी पदरात तोंड लपवून बसले होते. त्या सामन्यात भाऊजी जिंकले आणि डाव्या भुवईवर दोनदा मार बसला. घरी येताना दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा लागला.

चिक्कूपणाच्या बाबतीत मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सामन्याआधी आठवडाभर हॉलच्या दारात टेबल मांडून मी स्वतः बसले. फुकट सही बंद, पैसे मोजून सही. पेन आपलं आणायचं, आमची शाई संपवायची नाही. कागद पाठकोरा चालेल, नव्हे पाठकोराच आणावा. एक बाई भाऊजींच्या तोंडाचे तीन शर्ट घेऊन निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवून विचारलं, "घरी शर्ट नाहीत का? नवऱ्याचे फाटलेत? मग हे कशाला? एक परत ठेवा." मला वाटलं, या बाई चिडतील आणि चार घरी सांगतील. त्यांनी चार घरी सांगितलं ते खरं. दुसऱ्या दिवसापासून लोक नुसतं माझं बोलणं खायला यायला लागले. एक म्हातारे गृहस्थ हातात पेला घेऊन म्हणाले, "मला पण रागवा की, माझ्या घरी आता कोणी रागवणारं राहिलं नाही." काय करणार, रागावले. घरात पेले किती आहेत ते विचारलं, सात निघाले, मग मनापासून रागावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी आठवा पेला घेतला. खुर्चीवाले तर हात जोडून आले, म्हणाले, वहिनी, प्रत्येक सामन्याला बसत जा, माझ्या मागच्या भिंतीलगतच्या खुर्च्यासुद्धा भरल्या. मी घरी येऊन देवापुढे बसले आणि त्याला विचारलं, तू नक्की कोणाच्या बाजूचा?

देवाने उत्तर पाठवलं ते न्हाव्याच्या हाती. हा आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी, भाऊजींचा एकही सामना न चुकवलेला. तो सहीच्या रांगेत उभा राहिला, त्याची पाळी आली, आणि सही न मागता टेबलावर वाकून म्हणाला,

"वहिनी, हे काय मांडलंय तुम्ही?"

"काय मांडलंय? पैसे काढा आणि पुढे व्हा."

"ते काढतो हो. पण मी गेले तीन सामने बघतोय. आधी तो हलक्या हाताचा शोधून आणलात, मग ती मुलाखत, आता हे. तुम्हाला त्याला लोकांना नकोसा करायचाय का?"

वन्सं, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शपथ होती ती खुर्चीवाल्यांना न सांगण्याची, न्हाव्याबद्दल काही ठरलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं, डोळा, शब्द, खुर्च्या, तुमचे तीन उपाय. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अक्कांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं निदानच चुकलंय. तो जिंकतो म्हणून आम्ही येतो असं वाटतंय का तुम्हाला? माझ्या हातात दिवसभर लोकांची डोकी असतात. डोकं हातात आलं की कळतं कोणाला कुठून ठोसा बसलाय. कोणाला साहेबाचा, कोणाला घरमालकाचा, कोणाला पोटच्या पोराचा. हा माणूस भर उजेडात मार खातो आणि वा म्हणतो. ते बघितलं की वाटतं, चला, उद्या परत कामावर जाऊ या. हे कसं बंद पाडणार तुम्ही? त्याला चिक्कू करून?" मग म्हणाला, "लोकांना फसवून घालवायला बघताय. एकदा मागून बघा की."

मी म्हटलं, काय मागू? तो म्हणाला, ते माझ्यावर सोडा. आणि सही न घेताच गेला. (पैसे मात्र ठेवून गेला, ते मी परत पाठवले.)

पुढचे काही दिवस मला काही कळलं नाही. न्हाव्याच्या दुकानात काय चाललं होतं ते नंतर समजलं. येईल त्याच्या गळ्याभोवती कापड बांधायचं, साबण लावायचा, वस्तरा गालावर टेकवायचा आणि मग सांगायचं. हातात वस्तरा असलेला माणूस सांगतो तेव्हा ऐकणारा मान हलवून नाही म्हणत नाही. गावातल्या तमाम दाढ्या त्या आठवड्यात विश्वासात घेतल्या गेल्या, आणि दाढ्यांनी घरी जाऊन आपापल्या बायकांना सांगितलं. भाऊजींचे केस मी घरीच कापते, खर्च वाचतो, त्यामुळे त्यांच्या कानावर काही गेलं नाही. आणि खुर्चीवाल्यांना पूर्ण टक्कल आहे, दाढी ते घरीच करतात. याला देवाची योजना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

सामन्याच्या दिवशी आम्ही मागच्या दाराने आत गेलो. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि मागे वळून बघितलं तर हॉलमध्ये एक माणूस नाही. दिवे लागलेले, रिंगणाच्या दोऱ्या ताणलेल्या, घंटेवाला घंटेशी, पंच आपल्या कोपऱ्यात, परगावचा प्रतिस्पर्धी हातमोजे चढवून उभा, आणि समोर खुर्च्याच खुर्च्या. प्रतिस्पर्ध्याने खुर्चीवाल्यांना विचारलं, "काका, लोक कधी येणार?" खुर्चीवाले म्हणाले, "येतील, तिकीट एकही शिल्लक नाही." आणि नेहमीसारखे रांगारांगांतून निघाले. एकेका पाठीवर हात ठेवत. पहिली रांग, दुसरी रांग. मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले, हात तसाच शेवटच्या खुर्चीवर.

तेवढ्यात भाऊजी झगा घालून बाहेर आले. त्यांनी एकदा सगळीकडे बघितलं, मग डावीकडे नीट दिसत नाही म्हणून मान वळवून परत बघितलं. "वहिनी, एकही नाही?" इतकंच म्हणाले. वन्सं, किती महिने आम्ही ज्यासाठी जीव टाकला ते समोर होतं, आणि त्या माणसाचं तोंड असं झालं की मला वाटलं, कशाला केलं हे सगळं, भरू दे परत हॉल. हे कधी नव्हे ते उठले आणि भाऊजींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. थट्टा नाही, काही नाही.

खुर्चीवाले मागून चालत आले. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "वहिनी, हॉल सगळा विकला गेलाय आणि सगळा रिकामा आहे. माझ्या आयुष्यात असं झालं नाही. काय भानगड आहे?" मी शपथेने बांधलेली, नुसतीच उठून उभी राहिले. पण हे मध्ये पडले. ह्यांच्याकडून कोणी शपथ घेतली नव्हती, कारण ह्यांच्या तोंडून काही कामाचं निघेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. ह्यांनी चार वाक्यांत सांगितलं, त्यांच्या पत्रासारखं. त्या दिवशी मला चार वाक्यांची किंमत कळली.

खुर्चीवाल्यांनी ऐकलं, आणि मग जे मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. आपल्याच एका खुर्चीत बसले. इतकी वर्षं लोकांना बसवत आले, स्वतः बसलेले कोणी पाहिले नव्हते. रुमालाने डोकं पुसलं, कपाळापासून मानेपर्यंत, टक्कल असल्यामुळे बराच वेळ लागला. मग म्हणाले, "एक भरली. बाकीच्या रिकाम्या. मोकळा आहेस बाबा." आणि जरा चिडूनच म्हणाले, "मला आधी सांगायला तोंड नव्हतं? मी काय लाकडाचा आहे?" भाऊजी पुढे झाले आणि त्यांच्या पायाशी बसले. हातमोजे घातलेले, त्यामुळे पाय धरता येईनात, नुसतेच दोन्ही मोजे त्यांच्या गुडघ्यांवर ठेवून बसले.

मग आम्ही पुढचं दार उघडलं. सगळे लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. सगळे, वन्सं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्याला विश्रांती सांगितली आहे असं न्हाव्याने दाढी करताना सांगितलं होतं, त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला होता की आवाज करायचा नाही. डोळ्याचा आणि आवाजाचा काय संबंध हे कोणी विचारलं नाही, गालावर वस्तरा होता. त्यांनी मधून वाट करून दिली. धक्का लागू नये म्हणून डाव्या बाजूचे लोक दोन हात लांब सरकून उभे राहिले. आणि मग ती सगळी गर्दी चवड्यांवर चालत आमच्यामागून घरापर्यंत आली. एकाला शिंक आली तर दहा जणांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरी त्याने गिळली. एक कुत्रं भुंकलं, तर भाजीवाली त्याला कडेवर घेऊन गल्लीबाहेर गेली. दारात खुर्चीवाले न्हाव्याला हळूच म्हणाले, तिकिटाचे पैसे परत करतो. न्हावी त्याहून हळू म्हणाला, "कशाचे परत? तिकीट काढलं ते बघायला नाही, न बघायला काढलं होतं. खेळ झाला की."

पुढचं थोडक्यात. दुसऱ्याच दिवशी खुर्चीवाले स्वतः भाऊजींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. शस्त्रक्रिया झाली. डोळ्याला पट्टी आहे. पडदा जागेवर बसवलाय, पण दिसेल किती, ते पट्टी काढल्याशिवाय सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. धूसर दिसेल, कदाचित उजेड-अंधार तेवढा कळेल, कदाचित बरंही दिसेल. मी संध्याकाळी जमाखर्च मांडायला बसते तेव्हा या महिन्यात जमेच्या बाजूला काय लिहायचं ते कळत नाही. ज्यांची नावंही माहीत नाहीत अशी इतकी माणसं, त्यांना कोणत्या रकान्यात घालायचं? तूर्त तिथे 'देवाची दया' एवढंच लिहिलंय आणि आकडा मोकळा सोडलाय. तुमच्या तीन उपायांचे पुन्हा एकदा आभार. ते नसते तर न्हाव्याला संशय आला नसता.

मुलांना माझे आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं, त्यात आता मुद्द्याचं लिहिते. भाऊजी दिवसभर घरी असतात. त्यांना स्वस्थ बसवत नाही म्हणून मला मदत करतात. धुणं असं पिळतात की ह्यांच्या दोन सदऱ्यांच्या बाह्या हातात आल्या. मी कसाही स्वयंपाक केला तरी वा म्हणतात, त्यामुळे मीठ कमी पडलं की जास्त हेच कळेनासं झालंय, आणि परवा करपलेल्या वरणालाही मान डोलावली. शिवाय विचारपूस करायला माणसं येतात, चवड्यांवर येतात, चहा घेतात, आणि साखर मी सोडली आहे, त्यांनी नाही. तर वन्सं, पट्टी निघाली की दोन-तीन महिने धाकट्याला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? मारामारी सोडेपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस असं तुम्ही त्याला म्हणाला होतात. सोडली आहे. तो स्वतः विचारणार नाही, म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. तिकडे तो कोण आहे ते कोणाला सांगू नका. सांगितलंत तर तुमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या भरतील.

ता. क. तिसरा. आज पट्टी निघाली. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला सांगितली आणि भाऊजींनी ओळीने सगळी धडाधड म्हटली. डॉक्टर खूश झाले, पण मला खात्री वाटेना. हा माणूस आम्हाला काळजी नको म्हणून उजव्या डोळ्याने तक्ता आधीच पाठ करून ठेवणारा आहे. म्हणून आत्ता त्यांना माझ्या पाठीमागे उभं केलंय. उजवा डोळा तळव्याने झाकायला लावलाय, बोटांत फट नाही हे मी बघून घेतलंय. मी लिहीत जाणार आणि त्यांनी मोठ्याने वाचत जायचं. एवढं वाचलं. मध्ये अडखळले, ते म्हणतात माझ्या अक्षरामुळे. आता अक्षर बारीक करते. अक्कांकडे सकाळी उठल्यावर आपल्या अंथरुणाची घडी आपण करायची. हे वाचलं, आणि "बरं" म्हणाले. आणखी बारीक करते, वन्सं, तुम्हाला भिंग लागेल. अक्कांचं धुणं पिळायचं नाही. हेही वाचलं आणि हसले. आता मुंगीच्या पायाएवढं लिहिते, कागदही संपत आलाय. अक्का, तुझा धाकटा घरी येतोय.

भाऊजी थांबले. मला मागे वळून बघायचा धीर होईना.

मग वाचलं. दोनदा.